देवाचं पीठ, मागाचं पीठ

शेवंतानं तिसरं थालीपीठ माझ्या ताटात टाकलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि स्वतः दाराकडे तोंड करून रताळं सोलत बसली. माझ्याकडे पाठ. थोरल्या जावेकडे पाठ करून जेवायला बसायची रीत आमच्या घरात कधी नव्हती. त्या नवरात्रात तिनं ती पाडली. पाचवी माळ होती आणि पाचही दिवस हेच चाललं होतं.

"का गं," मी म्हटलं, "थालीपिठात मीठ जास्त झालंय का?"

"नाय, बाई. मला पित्त होतंय त्यानं."

"सोळा वर्षं नाही झालं ते?"

ती रताळ्याची साल अशी सावकाश काढत होती, की जसं काही त्या सालीवरच तिचा संसार चाललाय.

मला राग आला. थालीपीठ तिनं थापलेलं असलं तरी पीठ माझं होतं. मंचरपासून पुण्यापर्यंत उपवासाचा माल विकणारे दुकानदार 'हौसाबाईचं सत्त्व आहे का' असं विचारून घ्यायचे. माझी शाळा चौथीत सुटली, सहीपुरतं लिहायला येतं. पण पुडीवर छापलेलं नाव माझं होतं आणि ते मला वाचता येत होतं. त्या पिठाला माझ्याच चुलीपुढं, माझ्याच जावेनं नाक मुरडावं?

आमचं पठार बटाट्याचं. चांगला बटाटा गाडीत बसून बाजाराला जातो. कुदळ लागलेला, सुपारीएवढा, वाकडातिकडा तो मागं राहतो. पूर्वी तो गुरांपुढं टाकायचे. मालक गेल्यावर मी तो गोळा करायला लागले. किसायचा, पाण्यात कोळायचा, फडक्यातून गाळायचा आणि ते पाणी टिपात, म्हणजे पत्र्याच्या पिंपात, निवळू द्यायचं. तळाला पांढरंशुभ्र सत्त्व दगडासारखं बसतं, त्याच्यावर एक करडा थर येतो. करडा थर खरवडून वेगळा ठेवायचा. खालचं पांढरं वाळवून उपवासाला जायचं, त्याला आम्ही देवाचं पीठ म्हणायचो. वरचं करडं ते मागाचं पीठ. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात ना, त्या खळीसाठी ते इचलकरंजीला जायचं, थोडं पुठ्ठ्याच्या कारखान्यात चिकटवायची चिकी करायला जायचं.

मागाच्या पिठात मक्याचं सत्त्व मिसळलेलं चालायचं. खळवाले तसंच मागायचे, स्वस्त पडतं म्हणून. सुताला कुठं उपवास असतो? म्हणून मक्याची पोती आमच्या शेडमध्ये यायचीच. ती पलीकडच्या भिंतीला, देवाचं पीठ अलीकडच्या भिंतीला, आणि मधे मी चुन्याची रेघ मारली होती. मक्याला लागलेले हात धुतल्याशिवाय रेघेच्या अलीकडं यायचं नाही. बटाटा उपवासाला चालतो, मका चालत नाही. का, ते मला विचारू नका, तो नियम मी केलेला नाही. पण माझं नाव बघून ज्या बाया पुडी फोडत होत्या, त्यांच्या वतीनं तो पाळायचं काम माझ्याकडं होतं.

रेघेवरही माझा भरवसा नव्हता. म्हणून वाटी होती. शेवंताच्या रुखवतातली चिनी मातीची वाटी, तळाला निळं फूल काढलेलं. चमचाभर पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, वाटीत ओतायचं आणि गार होऊ द्यायचं. निव्वळ बटाट्याचं असलं तर काचेसारखं होतं, तळचं फूल पाकळीसकट दिसतं. मका मिसळलेला असला की पांढुरकं होऊन थिजतं आणि फूल बुडतं. शेवंता नवी नवी आली तेव्हा मी तिला एवढंच शिकवलं होतं, फूल दिसलं पाहिजे. मग ते काम तिच्याकडंच दिलं. पुड्या बांधायच्या आधी दर टिपाची वाटी तीच लावायची. मी कधी मागं वळून बघितलं नाही. माझ्या दोन लेकींवर नव्हता एवढा तिच्या बोटांवर माझा भरवसा होता.

त्या साली भाद्रपद सरता सरेना इतका पाऊस लागला. बटाटा जमिनीतच, वर गुडघाभर चिखल. त्यात माझी धाकटी लेक ओतूरला पहिलटकरीण. पितृपाठ लागला तसा मला तिच्याकडं जावं लागलं. निघताना मी शेवंताला उंबऱ्यात उभं राहून बजावलं, की पुण्याच्या कांतिलालशेठचा माल घटस्थापनेच्या आधी गेला पाहिजे. वर्षातला मोठा माल तोच. हौसाबाईकडून कमी पडलं, हे मला ऐकायचं नाही. तिनं मान डोलावली.

पंधरा दिवसांनी घटस्थापनेच्या सकाळी परत आले तर शेड झाडून पुसून लख्ख. माल सगळा गेलेला, एक पुडी कमी नाही. मी विचारलं, बटाटा कुठून काढलास गं? म्हणाली, खालच्या वाड्यांतून, होता थोडा थोडा. आणि ऊन? म्हणाली, चुलीच्या धगीवर वाळवलं. मला गहिवरून आलं. मी काही कुणाचं तोंडभरून कौतुक करणारी बाई नाही, पण त्या दिवशी देवळात चार जणींना सांगितलं की माझी जाऊ बघा, नाहीतर तुमच्या. लेकीकडून मला आलेलं नवं लुगडं तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं आणि पाया पडली. पाया पडली ते जरा जास्त वेळ वाकून राहिली, हे मला नंतर आठवलं.

आणि त्याच दिवसापासून तिचं हे रताळं सुरू. वाढायची मला, ताजं, तव्यावरचं. स्वतःला रताळं, मूठभर शेंगदाणे आणि ताक. एकदा मला लापशी खावीशी वाटली म्हणून मी ती फुलाची वाटी मागितली, तर म्हणाली, कुठं ठेवली ते आठवत नाही. रुखवतातली वाटी! मी म्हटलं, उद्या नवरा कुठं ठेवला तेही विसरशील. नेहमी अशा बोलण्यावर ती हसायची. त्या दिवशी हसली नाही.

तिचा नवस होता, ते मला ठाऊक होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मीच तिला वेशीवरच्या यमाईपुढं नेऊन नऊ वर्षं नऊ दिवसांचा कडक उपवास बोलायला लावला होता. हे सातवं वर्ष. मला वाटलं, नवसाच्या बायका थकतात, चिडचिड्या होतात, होईल शांत.

सातव्या माळेला रखमाआत्या आल्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, ऐंशीच्या पुढच्या. तोंडात एक दात नाही, पण लग्नापासून नवरात्राचा एक दिवस मोडलेला नाही. उपवासात त्यांना लापशीच चालायची आणि पीठ मी घरून पाठवायची. त्या भिंतीला धरून ओट्यावर बसल्या, पदराखालून पेला काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"हौसा, यंदा तुझं पीठ झोपतंय गं."

"म्हणजे काय?"

"घोटताना तार धरायचं ते. आता दह्यासारखं थप्प बसतंय. हे बघ, चमचा उभा राहतोय."

आपल्या मालाला कुणी बोट लावलं की माझं डोकं फिरतं, आज पण फिरतं. मी म्हटलं, "आत्या, पीठ तेच आहे. तुमचे हात थकले. लापशी ढवळायला जोर लागतो, तो आता तुमच्यात राहिला नाही."

म्हातारीनं आपल्या हातांकडं बघितलं. "असेल बाई," म्हणाल्या आणि पेला पदराखाली घेऊन भिंत धरत धरत परत गेल्या.

त्या वळणापाशी दिसेनाशा झाल्या तरी मी तिथंच उभी. मग घरात जाऊन डब्यातलं मूठभर पीठ घेतलं आणि अंगणात आले. बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. बटाट्याचं सत्त्व उन्हात धरलं की बारीक बारीक चमकतं, नदीच्या वाळूसारखं. माझ्या तळहातावरचं पीठ चमकलं, पण कुठं कुठं. मधलं सगळं चुन्यासारखं मेलेलं.

बबन भाऊजी, म्हणजे माझे दीर, शेवंताचा नवरा, शेडपुढं टेम्पोखाली निजून काहीतरी आवळत होते. भोळा माणूस. गाडी चालवायची, सांगितलं ते आणायचं, दिलं ते पोचवायचं. मी त्यांच्या पायांशी जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, इचलकरंजीला शेवटची खेप कधी केली?"

"श्रावणात," ते खालूनच म्हणाले. "तवापासनं माग बंद हायत ना तिकडं. अजून खळवाल्यांनी माल उचललेला नाय, वहिनी. करडं पीठ पडूनच हाय आपलं."

"मग मका आणला नसेल तुम्ही मधे."

"आणला की. दोन खेपा आणला."

"माग बंद असताना?"

पान्ह्याचा आवाज थांबला. थोड्या वेळानं भाऊजी गाडीखालून बाहेर आले, उठून बसले आणि फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच पुसून झाले होते.

"शेवंता म्हणाली, बाईंचा निरोप आलाय ओतूरहून," ते म्हणाले. "म्हणून आणला. तुमचा निरोप नव्हता?"

मी तशीच घराकडं वळले. या दिराला मी पोरासारखं वाढवलं होतं, पण तेव्हा त्यांच्याकडं बघवेना.

शेवंता देवीला झेंडूची माळ घालायला गेली होती. दुसऱ्याची पेटी उघडायची नसते. मी उघडली. वर तिच्या जुन्या साड्या, खाली मी दिलेलं नवं लुगडं, घडी न मोडलेलं. ते उचललं तर जड लागलं. त्याच्या घडीत वाटी होती.

ती परत आली तेव्हा मी चुलीपुढं बसले होते. डब्यातलं चमचाभर पीठ शिजवून वाटीत ओतलेलं होतं आणि वाटी आमच्या दोघींच्या पाटांच्या मधोमध ठेवलेली होती. तिनं उंबऱ्यातूनच ती बघितली. हळदीकुंकवाचं ताट हातातच धरून ती खाली बसली. तिनं विचारलं नाही की वाटी कुठं सापडली.  लापशी गार व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघी वाटीकडं बघत बसलो. आधी वाफ गेली, मग वर साय आल्यासारखं झालं, मग कडेनं पांढरं पांढरं आत सरकत गेलं आणि फूल बुडालं.

"शेठची अक्कल ही?" मी विचारलं.

"शेठला काय ठाऊक नाय. माझीच."

मग तिनं सगळं सांगितलं, खाली मान घालून, पण काही न लपवता. खालच्या वाड्यांत बटाटा मिळाला तो जेमतेम निम्म्या मालाचा. त्यातला अर्धा ओलाव्यानं आंबला. घटस्थापनेला सहा दिवस राहिले होते आणि शेठचा माणूस रोज मंचरहून निरोप आणत होता. तेव्हा तिनं रेघ ओलांडली. पलीकडचं पोतं अलीकडं ओढलं. पहिल्या टिपाला वाटी लावून बघितली, फूल दिसलं नाही, म्हणून मग वाटीच उचलून ठेवली.

"पाव हिस्सा तरी बटाट्याचाच हाय, बाई," ती म्हणाली.

"मला निरोप धाडायचास."

"धाडला असता तर तुम्ही लेकीला तशीच टाकून आला असता. आणि आल्या आल्या मला चार बायांत उभं करून बोलला असता. 'कमी पडलं हे ऐकायचं नाही', हे तुम्हीच उंबऱ्यात उभं राहून म्हणाला होतात. तुमच्यापुढं नाय म्हणायचं कुणी, या घरात?"

ते खरं होतं. मी आले असते आणि तिला चार बायांत उभंही केलं असतं. माझी जीभ कशी आहे ते मला ठाऊक आहे. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. कोपऱ्यात सुपात तिची रताळी धुऊन ठेवलेली होती, संध्याकाळसाठी दोन.

"मग तू का नाही खाल्लंस?" मी विचारलं.

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नसावं. तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

"माझा नवस हाय ना, बाई," ती म्हणाली. "सातवं वर्ष. दोनच राहिलीत."

दुसऱ्या दिवशी भाऊजींना घेऊन मी मंचरला गेले आणि कांतिलालशेठना फोन लावला. ते म्हणाले, माल पाऊण गेलाय, दोन दिवस राहिलेत, हौसाबाई, कुणाला कळतंय. मी म्हटलं, मला कळतंय. दुकानांतून राहिलेला माल परत बोलवा आणि ज्यांनी नेलाय त्यांना सांगा की यंदा हौसाबाईच्या पुडीत मका आहे. शेठ मग म्हणाले, पुढच्या साली पुडीवर दुसरं नाव टाकावं लागेल. मी म्हटलं, टाका. परत आलेला माल मी मागाच्या भिंतीला लावला. माग सुरू झाल्यावर तो इचलकरंजीला गेला आणि कुणाच्या तरी लुगड्याच्या सुताला लागला असेल. पुढं तीस वर्षं मी मागाचंच पीठ केलं.

आठव्या माळेच्या आरतीला देवळात गाव होतं. आरती झाल्यावर मी म्हटलं, बायांनो, थांबा जरा. माझ्या शेडमधून यंदा देवाच्या पिठात मका गेला. ज्यांनी खाल्लं त्यांचा उपवास मोडला, माझाही मोडला. त्याचं जे काय प्रायश्चित्त असेल ते देवीनं मला द्यावं, तुम्हाला नको.  कुणी विचारलं नाही की कुणी मिसळला. शेवंता माझ्या मागं निरांजन धरून उभी होती. मी तिचं नाव घेतलं नाही. घराच्या उखाळ्यापाखाळ्या देवळात काढायची सवय मला नाही.

बाया कुजबुजत पांगल्या. रखमाआत्या तेवढ्या बसून होत्या. मी त्यांच्यापुढं वाकले. साठ वर्षांचा नेम माझ्या पुडीनं मोडला होता, त्या काय म्हणतील ते ऐकायला मी तयार होते. म्हातारीनं दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझे हात थकले नव्हते."

दुसरं एक अक्षर नाही. आजवर मला कुणी दिलेल्या शिव्यांत तेवढी एकच लागली.

दसऱ्याला उपवास सुटायचा. शेवंता पहाटेच उठून पुरण वाटत होती. दुपारी तिनं मला पाट मांडला, रांगोळी काढली, ताटात पोळी, वर तूप, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. मी बसले तशी ती पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन समोर उभी राहिली. उंबऱ्याबाहेर भाऊजी उभे होते, आत यायचं धाडस नव्हतं त्यांना.

"बाई," ती म्हणाली, "देवळात माझं नाव घेतलं नाय तुम्ही. जन्मभर नाय विसरणार मी. आता पोटात घाला. यापुढं तुम्ही सांगाल तसं."

दोन वर्षांनी तिचा नवस पुरा झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. बारशाला पाळण्याची दोरी मीच ओढली. त्या पोरीचं लग्नही आता झालं, अक्षता टाकायला मी उभी होते. हे सगळं पुढचं. पण चुली आमच्या त्या दसऱ्यालाच वेगळ्या झाल्या आणि अजून वेगळ्या आहेत. कुणी विचारलं की मी म्हणते, घर लहान पडत होतं.

त्या दिवशी मी ताट दोन बोटांनी तिच्याकडं सरकवलं आणि म्हटलं, "चिखल होता, ऊन नव्हतं आणि मी तुला दरडावून गेले होते. मका माझ्या पदरात टाक, शेवंता, तो मी तुला माफ केला. पण सात दिवस तू मला तव्यावरचं गरम वाढलंस, वर लोणी घातलंस आणि माझ्याकडं पाठ करून स्वतः रताळं खाल्लंस. त्या रताळ्याला माझ्याकडं माफी नाही."